खरखरीचा माग

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)

जुन्या मोटारी हौसेनं सांभाळणाऱ्या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. गाडी गॅरेजला दिली, ट्यूनिंग करून घेतलं. नवे प्लग आले, पॉइंट घासून गॅप बसवली, कार्ब्युरेटर साफ झाला. गाडी पूर्वीपेक्षा सुरेख चालू लागली. हिसके गेले, सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होऊ लागली. पण काल-परवापर्यंत गाणारा मोटारीतला रेडिओ आता नुसता खरखरतो. इंजिन बंद केलं की आवाज स्वच्छ. इंजिन सुरू केलं की टक-टक-टक आणि ॲक्सिलरेटर दाबला की तीच टकटक वाढत जाऊन तिची सलग कर्रर्र होते.

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूरनंतर डोंगरकडा लागतं. दोन्ही बाजूंना केळी, हळद, ऊस. या रस्त्यानं मध्यम लहरींवरचं परभणी केंद्र, १३०५ किलोहर्ट्झ, ऐकत प्रवास केलेली माणसं या भागात पुष्कळ आहेत. बातम्या, शेतीविषयक सल्ला, हवामान, भक्तिगीतं हे सगळं त्या एका काट्यावर सापडायचं. अशा रस्त्यावर पद्मिनीत बसावं आणि बातम्यांच्या जागी टकटक ऐकावी, तर कोणीही वैतागेल. मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, "रेडिओ जुना झाला, साहेब." रेडिओवाल्याकडे गेलं तर तो म्हणतो, "रेडिओ ठीक आहे, फॉल्ट गाडीत आहे." दोघांच्या मधे मालक.

या साध्या भांडणामागे सुमारे एकशेचाळीस वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासात समुद्रावरची जहाजं आहेत, शिकागोची मोटार आहे, आकाशगंगा आहे आणि शेवटी आपला हिंगोली जिल्हाही आहे. म्हणून आज या खरखरीचा माग काढत जाऊ.

ठिणगी हीच रेडिओची आजी

जर्मन भाषेत रेडिओ प्रसारणाला 'रुंडफुंक' म्हणतात. यातल्या 'फुंक' शब्दाचा अर्थ ठिणगी. इंग्रजी जहाजांवर बिनतारी यंत्र चालवणाऱ्या माणसाला खलाशी लाडानं 'स्पार्क्स' म्हणत. म्हणजे ठिणग्यावाला. रेडिओ आणि ठिणगी यांचं नातं भाषेनं असं जपून ठेवलं आहे.

जर्मनीत कार्लस्रुहे इथं १८८७ च्या सुमारास हाइनरिश हर्ट्झ या शास्त्रज्ञानं दोन धातूंच्या गोळ्यांमध्ये विजेची ठिणगी पाडली. काही अंतरावर तारेचं एक कडं ठेवलं होतं. त्या कड्याला एके जागी बारीकशी फट होती. इकडे मोठी ठिणगी पडली की तिकडे त्या फटीत, मधे कुठलीही तार नसताना, इवलीशी ठिणगी उमटायची. विजेच्या लहरी हवेतून प्रवास करतात हे असं सिद्ध झालं. त्याच हर्ट्झचं नाव आज किलोहर्ट्झ, मेगाहर्ट्झ म्हणून आपण रोज घेतो.

१८९० च्या दशकाच्या मध्यावर कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि दारूगोळ्याची भुकटी पेटवून दाखवली. त्याच काळात, ७ मे १८९५ रोजी, रशियात सेंट पीटर्सबर्गला अलेक्सांद्र पोपोव्ह यांनी एक यंत्र दाखवलं. ते यंत्र दूरच्या आकाशात वीज चमकली की घंटा वाजवून तशी नोंद देऊ शकत होतं. रशियात ७ मे हा दिवस आजही रेडिओ दिन म्हणून पाळतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. रेडिओच्या अगदी आरंभीच्या यंत्रांपैकी एक यंत्र बातम्या किंवा गाणी ऐकण्यासाठी नव्हतं. ते विजेची खरखर ऐकण्यासाठीच होतं. शेवटी आपण पुन्हा इथं येणार आहोत.

मार्कोनीनं याच ठिणगीचा धंदा केला. १२ डिसेंबर १९०१ रोजी त्यानं अटलांटिक महासागराच्या पलीकडून आलेले तीन ठिपके, म्हणजे मोर्स लिपीतलं एस हे अक्षर, ऐकल्याचं जाहीर केलं. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडताना मदतीची हाक गेली तीही ठिणगीच्याच यंत्रातून.

मात्र ठिणगीत एक मोठा दोष होता. आजचं केंद्र आपल्या ठरलेल्या जागी बोलतं. परभणी १३०५ वर बोलतं, शेजारच्या काट्यावर दुसऱ्याला जागा राहते. ठिणगी तसं करत नाही. बाजारात एखाद्यानं पत्र्याचा डबा बडवावा तशी ती एकदम सगळ्याच काट्यांवर आवाज करते. जहाजं थोडी होती तोवर चाललं. पुढे माणसाचा आवाज आणि संगीत पाठवणारी केंद्रं निघाली आणि ठिणगीची यंत्रं सगळ्यांना नकोशी झाली. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत राष्ट्रांनी त्यांच्यावर बंधनं घातली आणि १९३० च्या दशकात ती जवळजवळ हद्दपार झाली.

म्हणजे ठिणगी रेडिओच्या घरातून बाहेर पडली. पण तोवर ती दुसऱ्या एका घरात कायमची राहायला आली होती. ते घर म्हणजे मोटारीचं इंजिन.

बॉनेटखालचं प्रक्षेपण केंद्र

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण ठिणगीनं पेटवावं लागतं. त्यासाठी अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या कॅडिलॅक मोटारीसाठी जी पद्धत बसवली, तीच पुढे जगभर पसरली. बॅटरी, कॉइल, उघडझाप करणारे पॉइंट, त्यांच्या सोबतीला कंडेन्सर, आणि प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर. पॉइंट उघडले की कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका निघतो आणि प्लगच्या टोकाशी, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत, ठिणगी पडते.

आता साधा हिशेब करा. पद्मिनीच्या इंजिनाला चार सिलिंडर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या, म्हणजे मिनिटाला सहा हजार आणि सेकंदाला शंभर. प्लगच्या वायरी या झटक्याला एरियलसारख्या उपयोगी पडतात. हर्ट्झनं प्रयोगशाळेत जे मांडलं होतं, ते सगळं सामान बॉनेटखाली हजर! रेडिओचं एरियल तिथून दीड-दोन मीटरवर. परभणीचं केंद्र किती तरी मैलांवर. मग त्या रेडिओला जवळचं केंद्र ऐकू येणार की लांबचं?

हा पेच पहिल्यांदा सोडवावा लागला तो अमेरिकेत. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९२८ साली एक लहान कारखाना काढला. घरच्या विजेवर बॅटरीचे रेडिओ चालवायचं उपकरण ते बनवत. मंदी आली, धंदा बसला, तेव्हा त्यांनी मोटारीत बसवता येईल असा रेडिओ करायचं ठरवलं. त्यांच्यासोबत विल्यम लिअर आणि एल्मर वेव्हरिंग हे दोन तरुण होते. रेडिओ बसवणं हे काम नव्हतंच. इंजिनाची खरखर एकेका जागी जाऊन गाडणं हे खरं काम होतं. प्लगवर, डिस्ट्रिब्यूटरवर, डायनॅमोवर, जिथं जिथं ठिणगी तिथं तिथं काही ना काही उपाय करावा लागला. असं सांगतात की कर्ज मिळावं म्हणून गॅल्विन यांनी बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला, तर थोड्याच वेळात गाडीनं पेट घेतला. कर्ज काही मिळालं नाही. पण १९३० साली अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांचं संमेलन भरलं होतं, तिथं दाराबाहेर स्वतःची गाडी उभी करून त्यांनी रेडिओ मोठ्यानं लावला आणि मागण्या मिळवल्या. त्या रेडिओचं नाव त्यांनी ठेवलं 'मोटोरोला'. पुढे १९४७ साली कंपनीनंही तेच नाव घेतलं. मोबाइल फोनवर आपण जे नाव वाचलं, ते मोटारीच्या खरखरीशी झगडून मिळवलेलं आहे.

युरोपात १९३२ साली जर्मनीच्या ब्लाउपुंक्टनं मोटारीचा रेडिओ आणला. १९३४ साली रेडिओच्या व्यत्ययांचा विचार करण्यासाठी वेगळी आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. ब्रिटननं १९५२ साली मोटारीच्या ठिणगीमुळे होणाऱ्या त्रासाबाबत नियमच केले. कारण तोवर टीव्ही आला होता आणि रस्त्यावरून गेलेली गाडी लोकांच्या पडद्यावर दिसत होती. आपल्याकडे दूरदर्शन पाहिलेल्यांना हे सांगायला नको. ऐन चित्रपटाच्या वेळी घराबाहेरून स्कूटर गेली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची सर यायची आणि घरातलं कोणी तरी उठून गच्चीवरचा ॲन्टेना हलवायला धावायचं. ॲन्टेनाचा बिचाऱ्याचा काही दोष नसायचा.

आपल्या रस्त्यांवर

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आलं. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामानं युद्धबंदी जाहीर केली तीही हैदराबादच्या रेडिओवरून. त्या काळी गावात वीज नाही, संच एखादाच, तोही बॅटरीवरचा. अशा संचातून येणारा आवाज खरखरीतून वेचून काढायचा आणि भोवती बसलेल्यांना सांगायचं, ही एक जबाबदारीच होती. एखादा शब्द निसटला तर बातमीचा अर्थ फिरायचा.

मोटारीची बाजू पाहायची तर सोलापूरचे वालचंद हिराचंद आठवतात. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी अमेरिकन क्रायस्लरच्या गाड्या, मग इटलीच्या फियाटशी सहकार्य. १९६४ पासूनची फियाट ११०० डिलाइट हीच पुढे १९७० च्या दशकात, चितोडच्या राणीचं नाव घेऊन, 'प्रीमियर पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, आणि डॅशबोर्डमध्ये रेडिओसाठी ठेवलेली जागा. गाडी बुक केल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. रेडिओ वेगळा विकत घ्यायचा आणि त्याचा परवाना काढून दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे. हा परवाना १९८० च्या दशकात बंद झाला.

पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा संपून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे फोटो छापले. खाजगी गाड्या मात्र हौशी लोकांनी जपल्या आहेत. त्या जपायच्या तर त्यांच्या ठिणगीची भाषाही समजून घ्यायला हवी.

चोर कसा धरायचा

आता मूळ तक्रारीकडे येऊ. ट्यूनिंगनंतरच रेडिओ का खरखरतो? कारण ट्यूनिंगमध्ये नेमक्या त्याच वस्तूंना हात लागतो, ज्या वस्तू ठिणगीचा आवाज दाबून ठेवत होत्या.

पहिला संशय प्लगवर. काही प्लगच्या पोटातच काही हजार ओहमचा रेझिस्टन्स असतो. नंबरमध्ये 'आर' हे अक्षर आलं की बहुधा तो प्लग या जातीचा. जुना 'आर'वाला काढून साधा बसवला की खरखर सुरू. दुसरा संशय वायरींवर. कंपनीच्या काही काळ्या वायरींच्या आत तांबं नसतं, कार्बन मुरवलेला दोरा असतो. तो मुद्दाम वीज अडवतो. मिस्त्री चांगल्या मनानं ती काढून तांब्याची दणकट वायर घालतो. मीटर लावून पाहा: तांब्याची वायर जवळजवळ शून्य दाखवते, कार्बनची काही हजार ओहम.

"रेझिस्टन्स घातला तर ठिणगी कमी पडणार नाही का?" असं मिस्त्री हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण ठिणगी पडण्याआधी त्या वाटेनं वीज वाहतच नसते, त्यामुळे रेझिस्टन्समध्ये दाब फारसा खर्च होत नाही. ठिणगी पडल्यावर वीज वायरीत पुढे-मागे हेलकावे खाते, आणि ते हेलकावेच रेडिओत शिरतात. रेझिस्टन्स तेवढे हेलकावे मोडतो. इंजिनाला फरक कळत नाही, रेडिओला कळतो.

तिसरा संशय कंडेन्सरवर. इथं दोन कंडेन्सरांची गल्लत होते. एक पॉइंटचा, त्याच्याशिवाय इंजिन नीट चालत नाही. दुसरा रेडिओसाठी, कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावलेला आणि बॉडीला अर्थ केलेला. कॉइल बदलताना ही छोटी डबी निरुपयोगी समजून बाजूला काढून ठेवली जाते, किंवा चुकून पॉइंटच्या टोकाला लागते आणि मग ठिणगीच बिघडते. चौथा संशय अर्थिंगवर. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, ते बॉडीला जोडणारी विणलेल्या तारेची पट्टी सैल राहिली किंवा गंजली, तर सगळं इंजिनच एरियलसारखं वागतं. एरियलच्या बुडाशी रंग आणि गंज साचला असेल तरी तोच प्रकार.

कोणता चोर खरा, हे कानानं कळतं. इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणारी टकटक प्लग-डिस्ट्रिब्यूटरची. वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी डायनॅमोची किंवा अल्टरनेटरची. वायपर लावल्यावरच येणारी करकर वायपरच्या मोटारीची. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन थोडं वाढवा आणि फक्त इंजिनाची किल्ली बंद करा. रेडिओ चालूच राहील अशी जोडणी असेल, तर टकटक त्याच क्षणी थांबते, पण डायनॅमोची शिट्टी इंजिन थांबेपर्यंत उतरत उतरत जाते. मग रेडिओच्या मागची एरियलची पिन काढून पाहा. आवाज गेला तर खरखर एरियलमधून येत होती. तसाच राहिला तर ती वीजपुरवठ्याच्या वायरीतून शिरते आहे. अर्धा तपास इथंच संपतो.

उरलेल्या तपासाला खिशातला लहान ट्रान्झिस्टर पुरतो. मध्यम लहरींवर जिथं कुठलंच केंद्र नाही अशा जागी काटा ठेवायचा आणि ट्रान्झिस्टर बॉनेटभोवती हळूहळू फिरवायचा. त्याच्या आतला काळा फेराइटचा दांडा दिशा ओळखतो. संच गोल फिरवला की एका दिशेला आवाज बसतो. अंधाऱ्या रात्री बॉनेट उघडलं तर चिरलेल्या वायरीतून निसटणारी निळी ठिणगी डोळ्यांनाही दिसते. मात्र चालू इंजिनात वायरींना हात लावू नये आणि सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत.

एकावेळी एकच वस्तू बदलायची, बदलल्यावर ऐकायचं, आणि मगच पुढची. हा नियम पाळला तर बहुतेक खरखर एका सकाळीत सापडते.

न सापडलेली खरखर

आणि कधी कधी ती सापडतच नाही. अशी न सापडणारी खरखर १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ल जान्स्की या तरुण इंजिनिअरच्या वाट्याला आली. समुद्रापार टेलिफोन करताना रेडिओत कुठून कुठून खरखर येते, ते शोधायचं काम बेल प्रयोगशाळेनं त्याला दिलं होतं. त्यानं न्यू जर्सीत एक लांबलचक एरियल उभारलं आणि ते गोल फिरावं म्हणून खाली चक्क फोर्डच्या मॉडेल टी गाडीची चाकं लावली. महिनोन् महिने नोंदी केल्यावर तीन प्रकार वेगळे झाले. जवळच्या वादळांची खरखर, दूरच्या वादळांची खरखर, आणि एक मंद, सतत येणारी सूं सूं. ही तिसरी रोज चार मिनिटं आधी यायची. सूर्याच्या घड्याळापेक्षा ताऱ्यांचं घड्याळ रोज तेवढंच पुढे असतं. १९३३ साली त्यानं जाहीर केलं, ही खरखर आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येते. त्यातून रेडिओ खगोलशास्त्र जन्माला आलं.

त्याच शास्त्राचं एक मोठं तीर्थ महाराष्ट्रात आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं १९९० च्या दशकात उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ही जागा निवडताना तिथली रेडिओची शांतता हा महत्त्वाचा विचार होता. अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीजवळ आजही डिझेलच्याच गाड्या नेतात, कारण डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग लागत नाही. आपल्या पद्मिनीचा शेजार परभणी केंद्राला जसा नको, तसा तो आकाशगंगेलाही नको.

हिंगोलीच्या माळावर

ही शोधाशोध आता आपल्या दारात येते आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांतून धावणारे लेसरचे किरण, आणि दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशात उठणाऱ्या लहरी. त्या लहरींनी भुजांच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्याही हजाराव्या हिश्शाइतका असतो. तो ऐकायचा तर बाकीची सगळी खरखर ओळखून वजा करावी लागते. रस्त्यावरचा ट्रक, वारा, पंप, विजेच्या तारा.

अमेरिकेत हॅनफर्ड इथल्या लायगो वेधशाळेत अशीच एक खरखर सापडत नव्हती. शेवटी ती निघाली डोमकावळ्यांची. थंड नळीवर साचलेला बर्फ ते तहान भागवायला टोचत होते. शास्त्रज्ञांनी स्वतः तसा बर्फ टोचून पाहिला आणि तोच आवाज यंत्रात उमटल्यावर खात्री केली. ही पद्धत आणि पद्मिनीभोवती ट्रान्झिस्टर फिरवणाऱ्याची पद्धत यांत तत्त्वाचा फरक नाही. संशय घ्यायचा, एकेक कारण वेगळं करायचं, मुद्दाम घडवून खात्री करायची. उद्या या जिल्ह्यातल्या मुलामुलींना त्या वेधशाळेत काम करायचं असेल, तर त्यांच्या हाताला ही सवय आजच लागायला हवी. त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. जुना ट्रान्झिस्टर आणि शेजारचं गॅरेज पुरेसं आहे.

आणि आता पोपोव्हकडे परत जाऊ. वळवाच्या दिवसांत मध्यम लहरींचा रेडिओ लावला असेल तर ढग दिसण्याआधी त्यात कडाड-खर्र असे तुटक आवाज येऊ लागतात. इंजिनाची टकटक लयीत असते. हा आवाज बेताल असतो. तो असतो दूरवर पडणाऱ्या विजांचा. कारण वीज म्हणजे जगातली सगळ्यांत मोठी ठिणगी. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात आणि त्यांत शेतात काम करणारी पुष्कळ असतात. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं देशभर जे संवेदक बसवले आहेत, ते विजेची हीच रेडिओ-खरखर टिपतात. अनेक ठिकाणी ती किती किती वाजता पोचली याच्या फरकावरून वीज कुठे पडली ते काढतात, आणि 'दामिनी' या मोबाइल ॲपमधून आसपासच्या लोकांना इशारा देतात. पोपोव्हच्या घंटेचीच ही आजची आवृत्ती.

अलीकडे आपल्या घरांत खरखरीच्या नव्या जागा तयार झाल्या आहेत. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर. मध्यम लहरींचा संच त्यांच्याजवळ नेला की आवाज गुदमरतो. एफएमवर ही खरखर फारशी ऐकू येत नाही, म्हणून ती आपल्या लक्षातही येत नाही. लोक म्हणतात, मध्यम लहरींवर आता काही लागत नाही, आणि संच माळ्यावर टाकतात. पण त्या संचात अजून एक गुण शिल्लक आहे. तो मोबाइलचा टॉवर पडल्यावरही चालतो, दोन सेलवर चालतो, आणि आकाशातली वीज तिच्या गडगडाटाआधी त्याला कळते.

तेव्हा यंदा उन्हाळा सरताना एखाद्या दुपारी माळ्यावरचा संच काढा, घरातले चार्जर आणि दिवे बंद करा आणि काटा रिकाम्या जागी ठेवून ऐका. तालात टकटक आली तर कोणाच्या तरी गाडीला रेझिस्टन्सचा प्लग हवा आहे. बेताल कडाड-खर्र आली आणि ती जवळ येत गेली, तर शेतातल्या माणसांना हाक मारा. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या, असं सांगा.